विली नेल्सनचा 'रेड हेडेड स्ट्रेंजर' कसा ऐकावा

मी अमेरिकेत, टेक्सासमधल्या डॅलसजवळ रिचर्डसनला राहतो. गार्लंड इथून शेजारचंच गाव. त्या गार्लंडमधल्या ऑटम साउंड स्टुडिओत जानेवारी १९७५ मध्ये अमेरिकेच्या 'कंट्री' संगीतातला गायक विली नेल्सन याने आपल्या नेहमीच्या वादकांना घेऊन थोड्याच दिवसांत हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. भारतातून नव्याने आलेली मंडळी गणपतीत भेटली की विचारतात, "इथलं काही ऐकायचं तर काय ऐकू?" मी हेच नाव सांगतो, आणि कसं ऐकायचं तेही लगेच सांगतो. कारण मी तो पहिल्यांदा गाडीत, शफल चालू ठेवून ऐकला होता. मध्येच पियानोचा एक तुकडा आला, मग वॉल्ट्झ (तीन मात्रांची नाचाची चाल), मग अर्ध्या मिनिटात संपलेली एक चाल. मला वाटलं काम अर्धवट सोडलंय. पुढची काही वर्षं मी त्याच्या वाटेला गेलो नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

तेव्हा आधी शफल बंद करा. एकूण पंधरा तुकडे आहेत आणि सगळं मिळून पस्तीस मिनिटांच्या आत संपतं, म्हणजे कुकरच्या शिट्ट्या होऊन वरण निवेपर्यंतचा वेळ. शेवटचा तुकडा 'बॅन्डेरा'. त्यानंतर आणखी गाणी वाजू लागली तर बंद करा. २००० सालच्या आवृत्तीत चार जादा गाणी जोडली आहेत. ती चांगली आहेत, पण गोष्टीत त्यांना जागा नाही.

आता गोष्ट. ही माहीत करून घेतल्याशिवाय ऐकायला बसू नका, इथे रहस्य फुटण्याचा प्रश्न नाही. साल १९०१. एका धर्मोपदेशकाची बायको जुन्या प्रियकराबरोबर निघून जाते. तो माग काढत जातो, दोघांना एका गुत्त्यात गाठतो आणि गोळ्या घालतो. मग काळ्या घोड्यावर बसून, तिचा घोडा सोबत घेऊन भटकत राहतो. त्या दुसऱ्या घोड्याला हात लावणारी आणखी एक बाई मरते. डेन्व्हरला पोचल्यावर त्याला पुन्हा माणसाची ऊब मिळते. 'रेड हेडेड स्ट्रेंजर' हे मूळ गाणं एडिथ लिंडेमन आणि कार्ल स्टट्झ यांचं. विली फोर्ट वर्थला रेडिओवर निवेदक होता तेव्हा ते वाजवायचा, आणि घरी मुलांना झोपवताना म्हणायचा. कोलोरॅडोहून ऑस्टिनला गाडीने परतताना बायकोने सुचवलं, की नव्या अल्बमला हेच घे. त्या प्रवासात त्याने भोवतीची सगळी गोष्ट रचली. काही गाणी स्वतःची, काही जुनी, दुसऱ्यांची.

ऐकताना एकच प्रश्न धरून ठेवा: आत्ता कोण गातंय? माझ्या आजीबरोबर मी देवळात कीर्तनाला जायचो. बुवा आख्यान लावायचे, तेव्हा ना वेश बदलायचा ना आवाज, पण एका वाक्यात ते हरिश्चंद्र असायचे आणि पुढच्यात तारामती. मध्येच पुन्हा स्वतः होऊन चार शब्द सांगायचे. विली हेच करतो. कधी तो निवेदक आहे, कधी तो उपदेशक. 'टाइम ऑफ द प्रीचर' ही चाल तबकडीच्या पहिल्या बाजूला तीनदा येते, धृपदासारखी. ती आली की समजा निवेदक पुन्हा उभा राहिला.

आणि मग येतं 'ब्लू आइज क्राइंग इन द रेन'. या एका गाण्यासाठी मी हा सगळा खटाटोप लिहायला घेतला आहे. हे फ्रेड रोजचं जुनं गाणं, रॉय अ‍ॅकफने १९४७ मध्ये गायलेलं. विलीच्या अल्बममधून ते सिंगल म्हणून, म्हणजे सुटं गाणं म्हणून, बाहेर आलं आणि ऑक्टोबर १९७५ मध्ये कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. 'क्रेझी'सारखं गाणं त्याने कधीच लिहिलं होतं, १९६१ मध्ये पॅट्सी क्लाइन या गायिकेने ते घरोघरी पोचवलं होतं. पण गायक म्हणून पहिला क्रमांक त्याला मिळाला तो बेचाळिसाव्या वर्षी, तोही दुसऱ्याच्या गाण्यावर.

रेडिओवर ऐकलं तर ते साधं विरहगीत आहे. पावसात निरोप, आता वरच भेट. अल्बममध्ये मात्र ते कुठे ठेवलंय ते बघा: गुत्त्यातल्या गोळीबाराच्या लगेच पुढे. ज्याने तिला मारलं तोच तिच्या डोळ्यांची आठवण काढतोय. रेडिओवरच्या आणि इथल्या गाण्यात शब्दाचाही फरक नाही. म्हणून आधीचा तुकडा सोडून थेट या गाण्यावर उडी मारू नका. मी पहिल्यांदा क्रमाने ऐकलं तेव्हा ताट तसंच समोर ठेवून बसलो होतो.

दुसऱ्या ऐकण्यात शब्द सोडून द्या, हेडफोन लावा आणि लय धरा. मी तबला वाजवतो, त्यामुळे माझा हात आपोआप मांडीवर जातो. तुम्हीही ठेका धरा आणि विलीचा शब्द त्यावर कुठे पडतो ते पाहा. तो मात्रेवर येतच नाही. ओळ उशिरा उचलतो, मध्ये दोन शब्द भरभर म्हणतो आणि तुम्हाला वाटतं आता चुकला, तेवढ्यात समेवर अलगद येऊन बसतो. ठुमरी ऐकणाऱ्याला ही गंमत वेगळी सांगायला नको.

मधल्या गिटारच्या जागेकडे कान द्या. तिचं नाव ट्रिगर, काउबॉय सिनेमांतला नट रॉय रॉजर्स याच्या घोड्यावरून ठेवलेलं. मार्टिन एन-२० हे मॉडेल, १९६९ मध्ये घेतलेली. तारा नायलॉनच्या, त्यामुळे इतर कंट्री गिटारीसारखा झणझणीत आवाज न येता गोल, किंचित घोगरा येतो. अशी गिटार बोटांनी वाजवायची असते, म्हणून तिच्या लाकडावर ओरखड्यांपासून वाचवणारी पट्टी नसते. विली नखीने वाजवतो. वर्षानुवर्षं घासून त्या लाकडाला आरपार भोक पडलंय. फोटो शोधून नक्की बघा.

तिसऱ्यांदा ऐकाल तेव्हा काय नाही ते ऐका. व्हायोलिनांचा ताफा नाही, कोरस नाही. एखाद-दुसरं वाद्य, बहीण बॉबीचा पियानो, मिकी राफाएलचा माउथ ऑर्गन, आणि भोवती मोकळी जागा. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीतल्या लोकांना तो डेमो, म्हणजे नमुन्यादाखल केलेलं कच्चं ध्वनिमुद्रण, वाटला होता. पण काय आणि कसं ध्वनिमुद्रित करायचं ते ठरवण्याचा हक्क विलीने करारातच लिहून घेतला होता, म्हणून जसं होतं तसं बाजारात आलं.

दुसरी बाजू मी भराभर सांगतो. 'ओव्हर द वेव्ह्ज' ही मेक्सिकोच्या हुवेंतिनो रोसासची वॉल्ट्झ, तुम्ही ती सर्कशीत ऐकली असणार. 'डाउन यॉन्डर'मध्ये ऐकायचा तो बॉबीचा पियानो. 'रिमेंबर मी' हे पुढचं सिंगल, दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. 'हॅन्ड्स ऑन द व्हील'ला मात्र थांबा. तिथे तो माणूस घरी पोचतो.

एवढं झालं की एक दिवस 'ब्लू आइज' एकटंच लावा, १९७५ मध्ये लोकांनी ऐकलं तसं. शक्य असेल तर गाडीत, इंटरस्टेट ३५ वर, डॅलसहून दक्षिणेला. सव्वा तासात अ‍ॅबट लागतं, हिल्सबरो आणि वेको यांच्या मध्ये. विली आणि बॉबी तिथलेच. गाणं सव्वादोन मिनिटांत संपतं, त्यामुळे अ‍ॅबट येईपर्यंत तीसेक वेळा होतं. मी मोजलंय.