छत गळतंय? रंगाऱ्याला बोलावण्याआधी या चुका टाळा

छताला ओल दिसली की बहुतेक घरांत पहिला फोन रंगाऱ्याला जातो. पोपडे खरवडायचे, पुट्टी भरायची, वर डॅम्पप्रूफ रंगाचे दोन हात. काही महिन्यांत तोच डाग परत येतो, आधीपेक्षा मोठा. खालून रंग लावल्याने वरून येणारं पाणी थांबत नाही. ते स्लॅबमध्ये अडकून राहतं आणि तिथेच सळया असतात. सळई गंजली की फुगते, खालचं काँक्रीट सुटतं आणि मोठा तुकडा खाली येतो. रंगारी सगळ्यात शेवटी.

आधी बघायचं ते पाणी कधी येतं. दिवसरात्र सारखं ठिबकत असेल तर संशय पाण्याच्या पाइपवर, कारण त्यात दाब कायम असतो. वरच्यांची आंघोळ किंवा कपडे धुणं झाल्यावर वाढत असेल तर नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या जमिनीत पाणी जातं त्या जाळीखालचा भाग), सांडपाण्याचा पाइप किंवा लादीचे सांधे. फक्त पावसात येत असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत. भर मे महिन्यात फॉल्स सीलिंगमधून थेंब पडू लागले, तर आधी एसीचा ड्रेन पाइप तपासा. चार-पाच दिवस वेळ लिहून ठेवा आणि ओलीची कड पेन्सिलने आखून शेजारी तारीख टाका. प्लंबरला हा कागद फार उपयोगी पडतो.

दुसरी मोठी चूक म्हणजे डागाच्या बरोबर वरची जागा फोडणं. पाणी स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाइपांतून लांब जातं आणि पंख्याच्या हुकाशी किंवा दिव्याच्या पॉइंटमधून बाहेर पडतं. हॉलच्या मधोमध पडणारं पाणी शेजारच्या बाथरूमचं असू शकतं. पॉइंटमधून पाणी येत असेल तर त्या भागाचा एमसीबी लगेच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनने पाहिल्याशिवाय चालू करू नका.

भांडणाआधी चाचणी

‘तुमच्या बाथरूममुळेच गळतंय’ असं सांगत वर जाण्याआधी वरच्यांना एका चाचणीसाठी विनंती करा. प्लास्टिकच्या पिशवीत ओलं फडकं गुंडाळून नहाणीच्या तोंडात घट्ट बसवायचं. उंबऱ्याच्या खाली राहील असं इंचभर पाणी साठवायचं, लादीवर पातळीची खूण करायची आणि 24 तास बाथरूम वापरायचं नाही. पाणी साठलेलं असताना खालची ओल पेन्सिलच्या रेघेबाहेर गेली, तर जमिनीचं वॉटरप्रूफिंग किंवा सांधे गेलेत. तेव्हा काही झालं नाही, पण फडकं काढल्यावर ठिबकलं, तर दोष ट्रॅपमध्ये किंवा त्याच्या पुढच्या पाइपमध्ये. दोन्ही वेळा कोरडं राहिलं तर भिंतीतल्या पाइपांची प्रेशर टेस्ट, म्हणजे दाब देऊन गळती तपासणं, करून घ्या. पाण्यात रंग टाकून बघतात, तेही चालेल. पण रंग खाली दिसला नाही म्हणून वरचं बाथरूम निर्दोष ठरत नाही, कारण स्लॅबमधून झिरपताना तो गाळला जाऊ शकतो.

दोष फक्त सांध्यांत असेल तर अख्खी लादी उखडायची गरज नसते. जुना माल खरवडून, सांधे पूर्ण सुकवून एपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा, पाणी न शोषणारा माल) भरलं तरी अनेकदा गळती थांबते. त्यानंतर मात्र बाथरूम चकचकीत करायला ॲसिड ओतणं बंद करा. सांध्यांतलं सिमेंट ॲसिडच खातं.

गच्चीचं काम

पाऊस थांबून दोन-तीन दिवस झाले तरी छत गळत असेल तर बुचकळ्यात पडू नका. गच्चीवर वॉटरप्रूफिंगसाठी घातलेल्या ब्रिकबॅट कोब्यात विटांचे तुकडे असतात. ते पाणी शोषतात आणि सावकाश सोडतात. सुरुवात बहुधा कठड्याच्या कडेने होते, जिथे गवंड्याने मारलेला वाटा (गच्ची आणि कठड्याच्या कोपऱ्यातला सिमेंटचा गोलसर उतार) तडकलेला असतो. डिश किंवा सोलरचे पाय बसवायला पाडलेली भोकं आणि पानांनी तुंबलेली पाइपची तोंडंही बघा. गच्ची धड असूनही फक्त झडीच्या बाजूच्या भिंतीलगत ओल असेल, तर बाहेरच्या गिलाव्यातल्या चिरा आणि खिडकीच्या कडा तपासा.

ओल्या कोब्यावर कोटिंग धरत नाही. हे काम मार्च ते मे या काळातच उरका, आणि शेवटचं बिल देण्याआधी गच्चीवर पाणी साठवून कंत्राटदारासमोर चाचणी घ्या.

खर्चाबाबत आपल्याकडच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी (संस्थांसाठीचे नमुना नियम) स्पष्ट आहेत: गच्ची आणि बाहेरच्या भिंतींतून होणारी पावसाची गळती संस्थेने दुरुस्त करायची, घरातल्या संडास-बाथरूमची ज्याची त्याने. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

गळती थांबल्यावर छत पूर्ण सुकू द्या, मगच पुट्टी. त्याआधी काठीने हलकेच ठोकून पाहा. पोकळ आवाज आला किंवा गंजाचे तपकिरी ओघळ दिसले, तर गवंड्याकडून नुसता गिलावा करून घेऊ नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. 15 ते 30 वर्षं जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) दर 5 वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर 3 वर्षांनी व्हायला हवं; तुमच्या सोसायटीचं शेवटचं कधी झालं, हेही कमिटीला विचारा. दुरुस्ती होईपर्यंत त्या जागेखाली पलंग किंवा पाळणा ठेवू नका.