घरून आयटीचं काम: ऑफिसातला इलेक्ट्रिशियन आता तुम्हीच

पहिल्याच उन्हाळ्यात माझी फजिती झाली. मे महिना, वळवाचं वारं सुटलेलं आणि रात्री पावणेनऊला क्लायंटसमोर डेमो. मध्येच लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी ९० टक्के होती, म्हणून मी निर्धास्त बोलत राहिले. दोनेक मिनिटांनी लक्षात आलं, की ऐकणारं कुणीच नाही. राउटरला कुठली आलीय बॅटरी?

पुण्यातल्या ऑफिसात जनरेटर कधी सुरू झाला आणि कधी बंद पडला, हे मला कधी कळलंही नव्हतं. लाइट सांभाळणारा, नेट सांभाळणारा, खुर्चीचं चाक बदलून देणारा, गेटवर अडवणारा, इतकंच काय, "चल, कॅब लागली" म्हणून उठवणारासुद्धा कुणीतरी असायचा. घरून काम करायचं म्हणजे या सगळ्यांची कामं आपल्या गळ्यात. कोडिंग, टेस्टिंग, सपोर्ट हे तर आपल्याला येतंच. अडतं ते बाकीच्यात. २०२० च्या लॉकडाउनपासून मी कराडजवळच्या घरातून काम करते. खालचा क्रम ठेचा खाऊन ठरलेला आहे.

पायरी १: परवानगी लेखी घ्या

"हो, कर की घरून" असं मॅनेजर फोनवर म्हणाला, एवढ्यावर घर बदलू नका. आठवड्यातले किती दिवस, कुठल्या गावातून, ऑफिसात बोलावलं तर किती दिवसांची सूचना मिळणार, लॅपटॉप बिघडला तर तो कुरिअरने यायचा की आपण घेऊन जायचं, हे मेलवर येऊ द्या. काही क्लायंटच्या करारात काम कुठून करायचं यावरही अटी असतात, त्यामुळे टीमपुरती परवानगी पुरतेच असं नाही. कंपनी नेटचे पैसे देत असेल तर कनेक्शन स्वतःच्या नावावर घ्या. सासऱ्यांच्या नावाचं बिल लावलं की अकाउंट्सवाले परत पाठवतात.

पायरी २: नेट एक नाही, दोन

जाहिरातीतला मोठा आकडा डाउनलोडचा असतो. आपल्याला अपलोडही तितकाच लागतो, आणि सगळ्यात जास्त लागतो तो स्थिरपणा. नेहमीच्या व्हिडिओ कॉलला जाताना-येताना चार-चार एमबीपीएस मिळाले तरी भागतं. न अडखळणारं ४० एमबीपीएसचं फायबर हे दर दहा मिनिटांनी उचकी देणाऱ्या ३०० च्या लाइनपेक्षा कधीही बरं.

तपासायची सोपी रीत आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये सतत चालणारं पिंग, म्हणजे एका पत्त्यावर छोटे पॅकेट पाठवून उत्तर येतं का बघणारी कमांड, लावून ठेवा (गूगलचा ८.८.८.८ हा पत्ता चालतो) आणि अर्ध्या तासाने कंट्रोल-सी दाबा. किती पॅकेट हरवले ते खाली टक्क्यांत दिसतं. शून्य हवं. एखाद-दुसरा टक्का दिसायला किरकोळ वाटतो, पण कॉलवर त्याचाच "हॅलो, आवाज तुटतोय" होतो. ही तपासणी आपल्या शिफ्टच्या वेळेला करा. सकाळी अकराला लाइन झकास असते. आयपीएलच्या सामन्याच्या वेळी गल्लीतले सगळे टीव्ही तिच्यावर बसलेले असतात.

नेट आलं, पण खोलीपर्यंत पोचत नाही, ही पुढची गंमत. २.४ गिगाहर्ट्‌झचं वायफाय भिंती ओलांडतं पण मंद असतं, ५ चं वेगवान असतं पण भिंतीपाशी दमतं. आमच्या जुन्या घराच्या भिंती दीड फुटी दगडाच्या, तिथे दोन्हींनी हात टेकले. शेवटी बाहेरच्या खोलीतून खिडकीच्या गजामधून १५ मीटरची लॅन केबल ओढली, आणि तेव्हापासून त्या विषयावर घरात बोलणं झालेलं नाही. नव्या पातळ लॅपटॉपला लॅनचं भोक नसतं. त्यासाठी यूएसबीचा छोटा अडॅप्टर लागतो. तो कंपनीच्या मशीनला चालतो का, हे आधी हेल्पडेस्कला विचारा.

नेट गेलं की राउटर बंद-चालू करत बसण्याआधी भिंतीवरच्या फायबरच्या डब्याकडे, म्हणजे ओएनटीकडे बघा. एलओएसचा दिवा लाल असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाहीये. मग तुम्ही डबा शंभर वेळा चालू-बंद केलात तरी काही होणार नाही, सरळ तक्रार नोंदवा. आमच्याकडे हा दिवा कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की लाल व्हायला लागतो. उसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली खांबावरून लोंबणाऱ्या फायबरला अडकते आणि पुढच्या गावापर्यंत सगळं ओढून नेते. ट्रॅक्टरवर गाणी इतकी मोठ्याने चालू असतात, की ड्रायव्हरला त्याचा पत्ता नसतो.

म्हणून दुसरी लाइन वेगळ्या वाटेने येणारी घ्या. एकाच खांबावरून आलेली दोन कंपन्यांची दोन फायबर एकदमच तुटतात. दुसरी लाइन हवेतून यावी: वेगळ्या कंपनीचं सिम, किंवा रेंज चांगली असेल तर ५जीचा डबा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गेलात की लॅपटॉपवर त्या नेटवर्कला 'मीटर्ड', म्हणजे मोजून वापरायचं, अशी खूण करा, नाहीतर विंडोजला नेमकं तेव्हाच अपडेट आठवतं. कॅमेरा बंद ठेवा. कॅमेऱ्यासह तासाभराच्या कॉलला एक जीबीच्या आसपास डेटा सहज जातो.

पायरी ३: वीज

पुण्यात राहणाऱ्यांना देखभालीचा गुरुवार पाठ असतो. इतरांनी आपापल्या भागातला वार विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवावा आणि त्या दिवशी डेमो ठेवू नये. महावितरणकडे मोबाइल नंबर नोंदवला असेल तर ठरलेल्या बंदचा एसएमएस येतो. घराचं बिल आजोबांच्या नावावर आणि नोंदलेला नंबर कधीच बंद झालेला, अशी स्थिती बऱ्याच घरांत असते. तेवढं आधी बदलून घ्या.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे राउटरचा मिनी यूपीएस. तळहाताएवढी बॅटरीची डबी, अडॅप्टर आणि राउटरच्या मध्ये लावायची. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरचं बारीक अक्षर वाचा. बहुतेक १२ व्होल्ट असतं, पण ९ चेही राउटर आहेत, आणि चुकीचा व्होल्ट दिला तर राउटर कायमचा निजतो. अँपिअरही बघा, डबीने तेवढे किंवा जास्त दिले पाहिजेत. डबीवर १०,००० एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं. गुणाकार केला की ३७ वॉट-तास होतात. राउटर १२ वॉट खात असेल तर वाटेतली गळती धरून अडीच तास. दुकानदार सांगेल सहा. ऐकून घ्यायचं.

त्याहून लांबच्या बंदसाठी इन्व्हर्टर. १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. लॅपटॉप ६५, साधा पंखा ७५, एक दिवा आणि राउटर धरून १६०-१७० वॉट झाले, तर नवी बॅटरी सहा-सात तास देते, तीन-चार वर्षांची झाली की बरीच कमी. कमी विजेवर चालणारा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास घेतो, त्यामुळे तो बदलला तर तासाभराहून जास्त वेळ वाढतो. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि साधा असा खटका असेल तर तो यूपीएसकडे ठेवा. साध्यावर लाइट जाताना बारीकसा झटका बसतो. पंख्याला तो कळत नाही, डेस्कटॉप मात्र रीस्टार्ट होतो. आणि डिस्टिल्ड वॉटर! उन्हाळ्यात महिन्याला एकदा पातळी बघाच. आमची पहिली बॅटरी वेळेआधी गेली, ती निव्वळ माझ्या आळसाने.

वळवाच्या दिवसांत वीज कडाडायला लागली की अडॅप्टर भिंतीतून उपसून ठेवा. फायबर काचेचं, त्यातून वीज येत नाही. पण विजेच्या तारेतून येते. केबलवाल्याच्या स्विचवरून तांब्याची लॅन वायर घरात येत असेल तर तीही काढा.

पायरी ४: बसायची जागा

पलंगावर लॅपटॉप घेऊन बसणं चार दिवस छान वाटतं. मग मान धरते. टेबल साधारण अडीच फूट उंच, कोपर काटकोनात, पाय जमिनीला टेकलेले, आणि स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. लॅपटॉप उचलायला स्टँड घ्यायलाच हवा असं नाही. मी दोन वर्षं जेवायचे दोन पाट एकावर एक ठेवून काम केलं. श्राद्धाच्या दिवशी तेवढे परत द्यावे लागायचे. स्क्रीन उचलला की वेगळा कीबोर्ड मात्र लागतोच. पैसे खर्चायचेच असतील तर आधी खुर्चीवर, मग माइक असलेल्या हेडफोनवर, आणि उरले तर मॉनिटरवर. खिडकी पाठीशी नको, नाहीतर कॉलवर नुसती काळी सावली दिसते.

कॉलला बसल्यावर म्यूटचं बटण शोधत बसू नका. टीम्सवर कंट्रोल-शिफ्ट-एम, मीटवर कंट्रोल-डी. शिट्टी व्हायच्या आधी कुकर जो दम घेतो, तेवढा वेळ पुरतो.

पायरी ५: कुलूप

उठलात की विंडोज-एल. दोन पावलं पाण्याला गेलात तरी. मुलगा चांगलाच असतो, पण त्याला कीबोर्ड दिसतो. घरचा राउटर आला तेव्हाचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदला, आणि टीव्ही-सीसीटीव्हीला गेस्ट नेटवर्क, म्हणजे राउटरवरचं पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय, द्या. कंपनीची फाइल स्वतःच्या मेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची नाही, "फक्त प्रिंट काढायला" म्हणूनही नाही. ते नोंदलं जातं आणि मग खुलासा देताना दातखीळ बसते. आपण लॉगिन केलेलं नसताना फोनवर 'मंजूर करा' आलं तर नाकारा आणि कळवा. "आयटी हेल्पडेस्कमधून बोलतोय, ओटीपी सांगा" असा फोन आला तर ठेवून द्या आणि कंपनीच्या नंबरवर आपण फोन करा.

याच्याच शेजारचा एक मुद्दा: "घरबसल्या काम, आधी डिपॉझिट भरा" म्हणणारी नोकरी ही नोकरी नसते. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

पायरी ६: घरच्यांना सांगणं

ही खरी अवघड पायरी. "अगं, घरीच आहेस ना, सिलेंडरवाला आला तर बघ" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं याला गणती नाही. यात कुणाचा दोष नाही. आमच्या सासूबाईंनी आयुष्यभर घराबाहेर पडण्यालाच नोकरी म्हणताना पाहिलं. मी त्यांना पुष्कळ समजावलं, काही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो ओढणीचा. दाराच्या कडीला लाल ओढणी म्हणजे कॉल चालू, हाक मारायची नाही. ओढणी नसेल तर या, बोला, चहा आणा. दोन दिवसांत पाहुण्यांनाही त्याच सांगायला लागल्या, "थांबा, ओढणी आहे." पण ओढणी दिवसभर लटकवून ठेवली तर तिची किंमत जाते. कॉल संपला की काढायची.

अमेरिकेच्या टीमबरोबर काम असेल तर घरच्यांना वेळापत्रकही सांगून ठेवा. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं सरकतात. लंडनची मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. दोन्हीकडची माणसं एकाच कॉलवर असतील तर मधल्या आठवड्यांत हमखास गोंधळ होतो, निमंत्रण नीट वाचा.

पायरी ७: काम दिसू द्या

ऑफिसात तुम्ही कपाळाला हात लावून बसलात तर शेजारचा विचारतो, "काय गं, अडलं का?" घरी तो हात भिंतीला दिसतो. अर्धा तास अडलात की टीमच्या चॅनेलवर लिहा. आणि लिहाल ते असं लिहा, की दुसऱ्याला पुन्हा विचारावं लागू नये.

"पेमेंटचा बग बघतेय" हे काही सांगणं झालं नाही. "बटण दोनदा दाबलं की दोन ऑर्डर पडतात. कारण सापडलं, दुरुस्ती तीनपर्यंत रिव्ह्यूला टाकते. टेस्ट डेटा मात्र कालपासून मिळालेला नाही" हे सांगणं झालं. त्यात तुमचं कामही आलं आणि कुणामुळे अडलंय तेही आलं, कुणाचं नाव न घेता. दर शुक्रवारी पाच ओळी स्वतःच्या फाइलीत उतरवा. अ‍ॅप्रेझलच्या वेळी मार्चमध्ये काय केलं होतं, ते ना तुम्हाला आठवतं ना मॅनेजरला.

उठण्याची वेळही लिहा. "आठला थांबते, उद्या दहाला आहे" असा एक मेसेज टाकून लॅपटॉप दुसऱ्या खोलीत ठेवा. कॅब तर आता येत नाही.

पायरी ८: रंगीत तालीम

सगळं लावून झालं की शनिवारी दुपारी स्वतः मेन स्विच बंद करा. व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) जोडा, एखाद्या मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावा, तासभर बसा. मग फायबरची वायर काढून हॉटस्पॉटवर जा आणि व्हीपीएन पुन्हा जोडतोय का बघा. काही कंपन्यांची सेटिंग मोबाइल नेटवर अडतात, ते शनिवारी कळलेलं बरं.

माझ्या पहिल्या तालमीत मिनी यूपीएसने कमाल केली. लाइट नाही, तरी राउटरचे दिवे लुकलुकताहेत. नेट मात्र ठप्प. दहा मिनिटं मी राउटरशीच झटापट करत होते. मग सासूबाई दारातून म्हणाल्या, "ती भिंतीवरची डबी काळी पडलीय बघ." ओएनटीची पिन साध्या सॉकेटात होती. संध्याकाळी बाजारात जाऊन दोन तोंडांची वायर आणली.