ड्युरांटाला फळं हवीत? मग कात्री आवरा

सोसायटीच्या गेटपासून पार्किंगपर्यंत पिवळसर पानांचं, चौकोनी कापलेलं जे कुंपण दिसतं, तोच ड्युरांटा. ठाणे-नवी मुंबईत तो पावलोपावली आहे. पण त्याला जांभळी फुलं येतात आणि मागोमाग नारिंगी-पिवळ्या फळांचे घोस लोंबतात, हे फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. फुलं येतात नव्या फुटीच्या शेंड्याला, आणि माळीदादा दर महिन्याला नेमके शेंडेच उडवतात. मग फळ धरणार कुठून?

लावण्याआधी: ही फळं माणसाला आणि कुत्र्या-मांजरांनाही विषारी असतात. पक्षी ती खुशाल खातात, म्हणून मुलांनाही ती खाण्याजोगी वाटतात. घरात रांगतं मूल असेल तर ड्युरांटाच्या भानगडीत पडू नका, कुंती लावा. तिची पांढरी फुलं घमघमतात आणि लाल फळंही धरतात.

रोप: घोडबंदर रोडच्या नर्सरीत ड्युरांटा मागितला की बहुधा पिवळ्या पानांचाच हातात पडतो. तो पानांच्या रंगासाठी ठीक. फळांसाठी हिरव्या पानांचा, शक्यतो फुलावर असलेला निवडा. जांभळ्या पाकळ्यांना पांढरी किनार असलेला प्रकार माझ्या मते सगळ्यांत देखणा. फांद्या चाचपून पाहा, काहींना काटे असतात. असं रोप जाण्यायेण्याच्या वाटेवर नको.

जागा आणि माती: रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं. समोरच्या टॉवरची सावली दिवसभर पडत असेल तर झाड जगेल, पण फुलणार नाही. गॅलरीत 14 ते 16 इंची कुंडी घ्या. दोन भाग लाल माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट पुरे. नवी मुंबईत रो-हाऊसच्या अंगणात बऱ्याचदा भरावाची माती निघते. तिथे दीड फूट खोल-रुंद खड्डा खणून हेच मिश्रण भरा. कुंडीखालची ताटली जूनमध्ये काढून ठेवा, आपल्याकडच्या पावसात मुळं कुजायला वेळ लागत नाही.

छाटणी: सगळी गंमत इथेच आहे. मे महिन्याच्या अखेरीस एकदाच, झाड साधारण एक तृतीयांश कमी करा. वाळक्या आणि आत घुसलेल्या फांद्या मुळापासून काढा. पावसात जोमदार फूट येते, तिला हात लावायचा नाही. फांद्या कमानीसारख्या वाकतील, झाड अस्ताव्यस्त दिसेल, शेजारी सुचवतील की जरा ‘शेप’ द्या. ऐकू नका. त्याच वाकलेल्या टोकांना तुरे येतात. एका तुऱ्यावर फुलं उमलत असताना शेजारच्या तुऱ्यात हिरवे मणी पिवळे पडत असतात. सुकलेली फुलंही खुडू नका, फळ तिथेच धरतं.

खत-पाणी: महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत. युरिया टाळा, नुसती पानं माजतात. एप्रिल-मेमध्ये कुंडीला रोज पाणी, एरवी वरची माती सुकल्यावर.

कीड: पानांच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. मग लिटरभर पाण्यात 5 मिली नीमतेल आणि भांड्यांच्या लिक्विडचे दोन-चार थेंब घालून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा.

छाटलेल्या फांद्या फेकू नका. पेन्सिलीएवढ्या जाडीचे, वीतभर तुकडे करून खालची पानं काढा आणि ओलसर मातीत, सावलीत खोचा. पावसाळी हवेत महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. सगळेच जगत नाहीत, म्हणून हवे त्याच्या दुप्पट लावा.