चिमटीतलं फूल: जपानी कांझाशी कशी करावी, कशी माळावी

जपानीत ‘त्सुमामु’ म्हणजे चिमटीत धरणं. रेशमाचा इंचभर चौकोन चिमट्यात धरायचा, त्याला दोन-तीन घड्या घालायच्या आणि कडा तांदळाच्या खळीत टेकवायच्या. अशा पाकळ्या शेजारी शेजारी लावत फूल उभं करायचं. या कामाला त्सुमामी-झाइकु म्हणतात आणि त्यातून तयार होणारं केसांतलं फूल म्हणजे त्सुमामी कांझाशी. क्योतोतल्या माइको, म्हणजे गेइको (क्योतोतल्या गेइशा) होण्यासाठी शिकणाऱ्या मुली, यांच्या फोटोंत डाव्या बाजूला फुलांचा जो घोस दिसतो तो हाच. पाहताना वाटतं की हे सगळं शिवलेलं असणार. प्रत्यक्षात फुलात एकही टाका नसतो.

या लेखात आपण पाच पाकळ्यांचं एकच फूल करणार आहोत: उमे, म्हणजे जपानी प्लम. घडी एकाच प्रकारची, पाकळ्या मोजक्या, आणि थोडं वेडंवाकडं झालं तरी शोभतं. शेवंतीच्या वाटेला पहिल्याच दिवशी जाऊ नका, तिला पाकळ्यांचे थरावर थर लागतात.

कांझाशी म्हणजे नेमकं काय

केसांत खोचायच्या दागिन्यांचं हे कुळाचं नाव आहे. हेइआन काळात (७९४ ते ११८५) दरबारी स्त्रिया लांब केस पाठीवर मोकळे सोडत, त्यामुळे खोचायला जागाच नव्हती. पुढे एदो काळात (१६०३ ते १८६८) केस वर बांधायची पद्धत आली, अंबाडे मोठे आणि गुंतागुंतीचे झाले, आणि मग हे दागिने बहरले.

‘कुशी’ म्हणजे कंगवा. केस विंचरण्याइतकाच अंबाड्याच्या पुढे मिरवण्यासाठी. ‘कोगाइ’ म्हणजे अंबाड्यातून आरपार जाणारी कांडी. ‘तामा’ म्हणजे दोन दातांच्या आकड्यावर एकच मणी. ‘हिराउची’ ही चपटी चकती, बहुतेकदा चांदीची, तिच्यावर घराण्याचं चिन्ह कोरलेलं. आपलं अग्रफूल डोळ्यांपुढे आणलंत तर फार चुकणार नाही. ‘बिराबिरा’ला धातूच्या बारीक पट्ट्या लोंबतात आणि चालताना त्या किणकिणतात. नाव त्या हलण्यावरूनच पडलंय. जुन्या पुष्कळ कांझाशींच्या टोकाला चक्क कानकोरणं असतं!

उंची कंगवे आणि कांड्या कासवाच्या पाठीच्या असत. त्या कासवांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंदी आल्यावर जपाननं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही आयात थांबवली. जुनी वस्तू कुठं विकायला दिसली तर देशाबाहेर आणायचा विचारही करू नका, कस्टममध्ये अडकाल. आणि कंगवा कुणाला भेट देताना जरा जपून. ‘कु’ म्हणजे यातना आणि ‘शी’ म्हणजे मरण, असा ‘कुशी’चा उच्चार कानाला लागतो, म्हणून जुनी माणसं तो भेट म्हणून टाळतात.

सामान

पारंपरिक कापड म्हणजे हाबुताए, पातळ आणि तलम रेशीम. ते मिळालं नाही तर जुन्या रेशमी साडीचा जरीशिवायचा भाग किंवा रेशमी ओढणी चालते. सरावासाठी मलमल उत्तम. पॉलिएस्टर सॅटिन घेऊ नका. ते घडी धरत नाही, बोट काढलं की उसळून उघडतं. सॅटिनच्या रिबिनी मेणबत्तीवर जाळून, ग्लू गनने चिकटवून केलेली ‘कांझाशी’ इंटरनेटवर पैशाला पासरी आहे. ती करायला हरकत नाही, पण ती वेगळी वस्तू आहे. तिच्यात पाकळीचा तो मऊपणा येत नाही.

याशिवाय लागेल ते असं: अणकुचीदार टोकांचा सरळ चिमटा (भुवयांचा नको, त्याची टोकं तिरपी असतात), धारदार कटर आणि धातूची पट्टी, जाड पुठ्ठा, २२ किंवा २४ गेजची तार, रेशमी धाग्याचं रीळ, दोन दातांचा आकडा आणि मधल्या केसरांसाठी पिवळे पराग. कृत्रिम फुलांचं सामान विकणाऱ्या दुकानात परागांच्या जुड्या मिळतात.

आता खळ. जपानी कारागीर तांदळाची खळ वापरतात, कारण ती सावकाश वाळते आणि पाकळी नीट बसेपर्यंत हलवता येते. फेव्हिकॉल लवकर धरतं, शिवाय पातळ रेशमातून वर येऊन चकचकीत डाग पाडतं. घरी इंद्रायणीचा भात बिनमिठाचा, जास्त पाणी घालून अगदी गिच्च शिजवा. चिकट तांदळाचीच खळ चांगली होते, बासमतीची होत नाही. भात गार झाला की फडक्यातून दाबून गाळा आणि गुळगुळीत फळीवर सुरीच्या पात्यानं घोटत राहा. गाठ राहिली तर ती नेमकी पाकळीखाली येते. घोटलेली खळ फळीवर दोन-तीन मिलिमीटर जाडीत सारखी पसरा. हीच आपली पाकळ्या उभ्या करायची जागा.

पाकळी

कापड इस्त्री करा. फारच निसरडं असेल तर आधी हलकी कांजी द्या. मग अडीच सेंटिमीटरचे सहा चौकोन कापा: पाच पाकळ्यांचे, एक चुकण्याचा. चौकोन उभ्या-आडव्या धाग्याच्या सरळ रेषेतच कापायचे. ही किरकोळ सूचना वाटेल, पण सगळी गोम इथंच आहे. चौकोन सरळ कापला असेल तर कर्णावरची घडी कापडाच्या तिरप्या धाग्यावर पडते. तिरपा धागा ताणला जातो, वळतो, म्हणून पाकळी गोलाई घेते. चौकोनच तिरका कापला तर घडी सरळ धाग्यावर पडते आणि पाकळी कागदासारखी ताठ राहते.

घड्यांचे मूळ प्रकार दोनच. टोकदार पाकळीची ‘केन’, म्हणजे तलवार, आणि गोल पाकळीची ‘मारु’. केन सोपी: कर्णावर दुमडून त्रिकोण, त्याचा अर्धा त्रिकोण, त्याचा पुन्हा अर्धा. पानं आणि शेवंती यातूनच होतात. आपल्या फुलाला मारु हवी.

चौकोन पतंगासारखा समोर ठेवा. चिमट्यानं मधोमध धरून कर्णावर दुमडा, त्रिकोण झाला. तो अर्ध्यात दुमडा, लहान त्रिकोण झाला. आता त्याच्या तीन टोकांकडे नीट पाहा. एका टोकाला मूळ चौकोनाचा मध्यबिंदू आहे, तिथं नुसत्या घड्या आहेत. दुसऱ्या टोकाला दोन दुमडलेली टोकं एकमेकांवर टेकलेली आहेत. या दोघांना सोडवा. एकाला समोरून आणि दुसऱ्याला मागून बाहेर वळवून तिसऱ्या टोकाशी आणा. चिमट्यात आता सगळ्या उघड्या कडा एकाच बाजूला आल्या असतील. नसतील तर उलगडून परत करा, इथं पुढं रेटण्यात अर्थ नाही.

उघड्या कडांची बाजू खाली करून पाकळी खळीत उभी करा आणि चिमटा सोडा. ती किंचित पोट फुगवून बसते. अडीच सेंटिमीटरच्या चौकोनाची पाकळी जेमतेम सव्वा सेंटिमीटर लांब होते, त्यामुळे पूर्ण फूल साधारण अडीच-तीन सेंटिमीटरचं होईल. पाचही पाकळ्या खळीत लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा. कडा खळ पितात आणि घडी सुटायची थांबते. माझी पहिली चार फुलं या थांबण्याच्या कंटाळ्यानंच फसली. खळीतून लगेच उचललेली पाकळी पुठ्ठ्यावर टेकवेपर्यंत शांत असते आणि तुम्ही पुढची उचलायला वळलात की मागे हळूच तोंड उघडते.

फूल

पुठ्ठ्याचा दोन सेंटिमीटर व्यासाचा गोल कापा. मधोमध दोन भोकं पाडून तार एकातून वर काढा, दुसऱ्यातून खाली घ्या आणि पुठ्ठ्याखाली पीळ द्या. वरून त्याच कापडाचा तुकडा चिकटवून पुठ्ठा झाका. या बैठकीवर खळीचा पातळ हात फिरवा.

पाकळ्या बैठकीवर रचण्याला जपानीत ‘फुकु’ म्हणतात. घर शाकारण्यासाठीही हाच शब्द आहे. पाकळीचं निमुळतं टोक मध्याकडे आणि गोल पोट बाहेर ठेवायचं. पहिली पाकळी १२ वाजता ठेवा. दुसरी आणि तिसरी तिच्या दोन बाजूंना न ठेवता, घड्याळाच्या ५ आणि ७ च्या आसपास ठेवा, म्हणजे उरलेल्या दोघींची जागा दिसते. एका बाजूनं रचत गेलात तर पाचवी हमखास अडचणीत बसते. खळ ओली आहे तोवर चिमट्याचं टोक प्रत्येक पाकळीच्या पोटात घालून हलकेच फाकवा. दाबायचं नाही, आतून उघडायचं. या दोन मिनिटांत त्रिकोणी बोळ्यांचं फूल होतं. परागांचे देठ अगदी आखूड कापून, बुडाला खळ लावून मध्यात बसवा.

वाळायला एक रात्र द्या, उघड्यावर, पंख्यापासून दूर. पावसाळ्यात दोन रात्री. एका जुलैत मी वाळल्यासारखं दिसणारं फूल स्टीलच्या डब्यात बंद करून ठेवलं. तिसऱ्या दिवशी गुलाबी पाकळ्यांवर राखाडी लव आलेली. भाताची खळ म्हणजे शेवटी अन्न आहे, बुरशीला आणि झुरळांनाही.

फूल वाळलं की तारेचा देठ आकड्याच्या माथ्याशी टेकवून रेशमी धाग्यानं घट्ट गुंडाळा, वेढ्याला वेढा लागून. धाग्याला अधूनमधून खळीचं बोट लावलं की तो सरकत नाही. तारेचं टोक वेढ्यांच्या आत लपवा, नाहीतर केस ओढतील. तीन-चार फुलं असतील तर प्रत्येकाची तार वेगळी ठेवा आणि शेवटी एकत्र बांधा, म्हणजे फुलं हव्या त्या दिशेला वळवता येतात.

माळताना

आकडा सरळ अंबाड्यात खुपसला तर तो तासाभरात बाहेर येतो. युक्ती अशी: दात अंबाड्याच्या बाहेरच्या दिशेला करून अंबाड्याच्या कडेची थोडी बट त्यांत पकडा. मग आकडा पूर्ण उलटा फिरवा, दात डोक्याला टेकू द्या आणि डोक्यालगत अंबाड्याच्या पोटात सारा. पकडलेली बटच त्याला ओढून धरते. केस अगदी ताजे धुतलेले असतील तर कशाचीच पकड बसत नाही. माइकोंचे केस आठवड्यातून साधारण एकदाच बांधले जातात, आणि रचना मोडू नये म्हणून त्या मानेखाली उंच उशी घेऊन झोपतात. आपल्याला आदल्या दिवशी धुतलेले केस पुरेत.

माइको मोठं फूल डावीकडे खोचतात आणि चांदीची बिराबिरा उजवीकडे. पहिल्या वर्षीच्या मुलीच्या फुलाला लोंबत्या लडी असतात. पुढे अनुभव वाढतो तशी सजावट कमी होत जाते, आणि गेइको झाल्यावर हे फुलांचे घोस सुटतातच. म्हणजे सगळ्यांत नटलेली ती सगळ्यांत नवखी. त्यामुळे चाळिशीतल्या बाईनं किमोनोवर लोंबती गुलाबी फुलं घातली तर तिथल्या माणसाला ते चमत्कारिक दिसेल. तिच्यासाठी तामा किंवा साधी कांडी. पोवळ्याचा मणी थंडीत, हिरवा जेड उन्हाळ्यात. त्सुमामीची फुलं शोभतात ती १५ नोव्हेंबरच्या शिची-गो-सान या मुलांच्या सणाला नटलेल्या लहान मुलींना, आणि जानेवारीतल्या दुसऱ्या सोमवारी सज्ञान झाल्याचा दिवस साजरा करणाऱ्या तरुणींना.

आणि महिना पाहायचा. माइकोंचं फूल दर महिन्याला बदलतं. फेब्रुवारीत उमे, मार्चमध्ये मोहरीसारखी पिवळी नानोहाना, एप्रिलमध्ये साकुरा, म्हणजे चेरीची फुलं, मेमध्ये विस्टेरियाचे जांभळे घोस, जूनमध्ये विलो, जुलैत पंखे, ऑक्टोबरमध्ये शेवंती, नोव्हेंबरमध्ये मेपलची लाल पानं. डिसेंबरमध्ये मोचीच्या, म्हणजे चिकट तांदळाच्या, गोळ्यांसोबत दोन छोट्या पाट्या असतात, आणि त्यांवर माइको काबुकी या पारंपरिक नाटकांतल्या नटांच्या सह्या घेतात. नव्या वर्षाच्या सुरुवातीला खरीखुरी भाताची लोंबी खोचतात. तिच्यावर बसलेल्या पांढऱ्या कबुतराला डोळे नसतात. एक डोळा मुलगी स्वतः काढते, दुसरा तिला ज्याच्याकडून हवा त्याच्याकडून.

एरवी किमोनोच्या रीतीत फूल ऋतूच्या जरा आधी घालतात, नंतर कधीच नाही. उमे जानेवारीच्या शेवटापासून चालेल. बाहेर साकुरा फुलला की उमे पेटीत गेलं पाहिजे.

पेटी पुठ्ठ्याची घ्या, हवा खेळेल अशी, आणि आकडा कापसात रुतवून फूल वर येईल असं ठेवा. पाण्यापासून जपा, पावसाच्या चार थेंबांतही खळ सुटते. एखादी पाकळी निघाली तर तीच पुन्हा घडी करून, कडेला ताजी खळ लावून बसवता येते. त्यासाठी उरलेल्या कापडाचा तो सहावा चौकोनही पेटीतच ठेवा.