जुन्या विंडोजला घरच्या नॅसशी कसं जोडावं

माझं निगेटिव्ह स्कॅन करणारं यंत्र अजून ठणठणीत आहे, पण त्याचा ड्रायव्हर विंडोज एक्सपीच्या पुढे कधी आलाच नाही. केवळ त्याच्यासाठी एक्सपीचा एक संगणक मी जपून ठेवला आहे. कुणाकडे असाच संगणक भरतकामाच्या मशीनसाठी असतो, कुणाकडे जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी. ज्याचं काम त्यावर अडलेलं आहे त्याला 'भंगारात काढा' हा सल्ला देऊन उपयोग नसतो. त्याचा प्रश्न वेगळा असतो: त्यावरच्या फाइल्स घरातल्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणीवर, पेनड्राइव्हच्या खेपा न घालता कशा न्यायच्या?

याला बहुतेक वेळा एका ओळीचं उत्तर मिळतं: नॅसवर एसएमबी-१, म्हणजे फाइल्सच्या देवघेवीची जुनी पद्धत, चालू करा. त्याने जोडणी होते, हे खरं. पण त्या एका सेटिंगमुळे घरातल्या सगळ्या फोटोंचं आणि कागदपत्रांचं कुलूप सैल होतं. म्हणून खालच्या क्रमात एसएमबी-१ शक्य तितका उशिरा येतो, आणि शक्यतो नॅसवर येतच नाही.

नेमकं अडतं कुठे

विंडोज आणि नॅस फाइल्सची देवघेव एसएमबी नावाच्या प्रोटोकॉलने करतात. २००१ साली आलेल्या एक्सपीला त्याची पहिलीच आवृत्ती येते. दुसरी आवृत्ती व्हिस्टाबरोबर आली, विंडोज ७ मध्ये २.१ आली आणि एन्क्रिप्शनची सोय असलेली तिसरी विंडोज ८ पासून. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला तो विंडोजच्या एसएमबी-१ मधल्या दोषातून. मायक्रोसॉफ्टने त्याची दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. एक्सपीचा अधिकृत आधार तर एप्रिल २०१४ मध्येच संपला होता, तरी त्या मे महिन्यात त्यासाठीही अपवाद म्हणून दुरुस्ती काढावी लागली. बऱ्याचशा घरगुती नॅसच्या पोटात सांबा हे मुक्त सॉफ्टवेअर चालतं, आणि २०१९ च्या ४.११ आवृत्तीपासून सांबाने एसएमबी-१ मुळातच बंद ठेवलं. वर्षानुवर्षं चालणारी जोडणी नॅस अपडेट केल्यावर एकाएकी तुटते ती बहुधा यामुळे.

दुसरा अडथळा पासवर्डचा, आणि याच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. एक्सपी आपणहून एलएम आणि एनटीएलएम या जुन्या पद्धतींनी ओळख पटवतो. सांबा २०१६ च्या ४.५ आवृत्तीपासून या पद्धती नाकारतं आणि फक्त एनटीएलएमची दुसरी आवृत्ती मान्य करतं. परिणामी पासवर्ड बरोबर असूनही 'चुकीचा' असा संदेश येतो आणि माणूस पासवर्ड बदलत बसतो. मी एक अख्खी संध्याकाळ यात घालवली आहे. उपाय एक्सपीतच आहे, तो पाचव्या पायरीत येईल.

पायरी १: आधी संगणक ओळखा

'माय कॉम्प्युटर'वर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. तिथे व्हिस्टा किंवा विंडोज ७ दिसलं तर अर्धी लढाई जिंकलीच. या दोघांना एसएमबी-२ येतं, त्यामुळे नॅसवर सुरक्षेची कुठलीही पातळी खाली आणायची गरज नाही. कुणी सांगितलं म्हणून विंडोज ७ साठी एसएमबी-१ चालू केलं असेल, तर आजच बंद करा. 'नेटवर्क'च्या यादीत नॅस दिसत नाही हीच तक्रार असेल, तर यादीचा नाद सोडून सरळ नॅसचा आयपी पत्ता वापरा.

एक्सपी असेल तर सर्व्हिस पॅक ३ हा दुरुस्त्यांचा संच आहे ना, हे बघा. नसेल तर आधी तो टाका.

विंडोज ९८ असेल तर एसएमबीच्या मागे लागू नका. खाली सांगितलेल्या मधल्या संगणकावर एफटीपी ही फाइल्स पाठवण्याची जुनी सेवा सुरू करा आणि त्यावर समाधान माना.

पायरी २: केबल, पत्ता आणि घड्याळ

वायफाय टाळा. एक्सपीच्या काळातली वायफाय कार्डं आजच्या राउटरच्या सुरक्षेशी जुळतीलच असं नाही, आणि त्यासाठी राउटरची सुरक्षा उतरवणं म्हणजे रोगापेक्षा औषध जालीम. लॅन केबल लावा.

राउटरच्या सेटिंगमध्ये नॅसला कायमचा पत्ता राखून ठेवा. उदाहरणासाठी १९२.१६८.१.२० धरू. एक्सपीलाही हातानेच पत्ता द्या, समजा १९२.१६८.१.५०, आणि तोही राउटरच्या आपोआप वाटपाबाहेरचा. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. आता याच चौकटीत 'डिफॉल्ट गेटवे' आणि 'डीएनएस' हे रकाने मुद्दाम रिकामे सोडा. गेटवे म्हणजे घराबाहेर जाण्याचा रस्ता. तो ठाऊकच नसला की एक्सपी घरातल्या यंत्रांशी बोलतो, पण इंटरनेटवर जाऊ शकत नाही. एक पैसाही खर्च न होता मिळणारी ही सुरक्षा मला सगळ्या क्रमात सर्वांत मोलाची वाटते. राउटरमध्ये त्या यंत्राचं इंटरनेट अडवण्याची सोय असेल, तर तीही लावा.

मग घड्याळ. जुन्या मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी संपलेली असते आणि संगणक दर वेळी कुठल्या तरी जुन्या तारखेला जागा होतो. नॅसवर गेलेल्या फाइल्सवर त्याच चुकीच्या तारखा बसतात आणि फोटोंचा क्रम विस्कटतो. सीआर२०३२ बॅटरी बदला. बऱ्याच नॅसमध्ये वेळ पुरवणारी एनटीपी सेवा असते. ती सुरू करून एक्सपीच्या 'डेट अँड टाइम'मधल्या 'इंटरनेट टाइम' या पानावर सर्व्हर म्हणून नॅसचा पत्ता लिहिला, की इंटरनेटशिवायही घड्याळ बरोबर राहतं.

पायरी ३: नॅसवर वेगळी खोली

ही सेटिंग्ज नव्या संगणकावरून करा. एक्सपीवरच्या जुन्या ब्राउझरमध्ये नॅसचं पान बहुधा उघडणारच नाही, कारण नव्या सुरक्षित जोडण्या त्याला कळत नाहीत.

नॅसवर 'स्कॅन' नावाचं एक नवं शेअर्ड फोल्डर करा. नाव छोटं, रोमन लिपीत आणि मध्ये जागा न सोडता. मग नवा वापरकर्ता करा आणि त्याला फक्त याच फोल्डरचा हक्क द्या. कुटुंबाच्या फोटोंचा नाही, बॅकअपचा नाही, प्रशासकाचा तर मुळीच नाही. या खात्याचा पासवर्ड इतर कुठेही वापरलेला नसावा. तो कधी फुटला, तरी चोराच्या हाती एका खोलीचीच किल्ली लागेल.

नॅसमध्ये स्नॅपशॉटची, म्हणजे फाइल्सची त्या-त्या वेळची स्थिती जपून ठेवण्याची, सोय असेल तर या फोल्डरसाठी ती नक्की चालू करा. खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या नेटवर्क ड्राइव्हवरच्या फाइल्सही कुलूपबंद करतो, पण नॅसने आत घेतलेल्या स्नॅपशॉटपर्यंत या मर्यादित खात्याचा हात पोहोचत नाही.

पायरी ४: मधला दुवा

इथे खरा निर्णय घ्यायचा आहे. नॅसच्या एसएमबी सेटिंगमध्ये 'मिनिमम प्रोटोकॉल' असा पर्याय असतो. सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसमध्ये तो 'कंट्रोल पॅनल', 'फाइल सर्व्हिसेस', 'एसएमबी' आणि मग 'अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज' या वाटेने सापडतो. तिथे एसएमबी-१ निवडलं की ते अख्ख्या यंत्राला लागू होतं, एकट्या 'स्कॅन' फोल्डरला नाही. वेगळी खोली केली, तरी मुख्य दाराचं कुलूप बदललंच.

म्हणून मी मध्ये एक छोटा संगणक ठेवतो. रास्पबेरी पाय चालेल, कोपऱ्यात पडलेला लॅपटॉपही चालेल. त्यावर ताजं लिनक्स आणि सांबा टाका. सांबाच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये 'ग्लोबल' भागात दोन ओळी घाला, अर्थात रोमन अक्षरांत: 'सर्व्हर मिन प्रोटोकॉल' बरोबर 'एनटी१', कारण सांबाच्या भाषेत एसएमबी-१ चं नाव ते आहे, आणि 'होस्ट्स अलाउ' बरोबर फक्त एक्सपीचा पत्ता. दुसऱ्या ओळीमुळे घरातल्या बाकी कुणालाही हा दरवाजा उघडत नाही. पासवर्डच्या पद्धतीबद्दलची सेटिंग मात्र आहे तशीच राहू द्या. या संगणकावर एक शेअर्ड फोल्डर आणि एक्सपीसाठी सांबाचा एक वापरकर्ता करा.

पुढे दोन वाटा आहेत. एक म्हणजे नॅसचं फोल्डर या दुव्यावर एसएमबी-३ ने माउंट करून, म्हणजे जोडून, तेच पुढे एक्सपीला शेअर करायचं. दुसरी म्हणजे एक्सपीने फाइल्स दुव्याच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवायच्या आणि दुव्याने दर दहा मिनिटांनी आरसिंक या प्रती करणाऱ्या प्रोग्रॅमने त्या नॅसवर पाठवायच्या. मला दुसरी वाट पटते. एकच फोल्डर दोनदा शेअर केलं की फाइल लॉक होण्याच्या भानगडी निघतात, शिवाय दुसऱ्या वाटेत एक्सपी आणि नॅस कधी समोरासमोर येतच नाहीत. पाठवताना मूळ फाइल लगेच पुसू नका. स्कॅन अर्धवट लिहिलेलं असताना प्रत गेली, तर पुढच्या फेरीत आरसिंक ती पूर्ण करतो.

दुवा ठेवणं शक्यच नसेल, तर नॅसवर एसएमबी-१ कामापुरतं चालू करा आणि फाइल्स हलवून झाल्या की त्याच बैठकीत बंद करा.

पायरी ५: एक्सपीवरची जोडणी

आधी पासवर्डची पद्धत बदलू. एक्सपी प्रोफेशनलमध्ये 'कंट्रोल पॅनल', 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टूल्स', 'लोकल सिक्युरिटी पॉलिसी', 'लोकल पॉलिसीज', 'सिक्युरिटी ऑप्शन्स' असं जा. यादीत 'लॅन मॅनेजर ऑथेंटिकेशन लेव्हल' शोधा आणि 'फक्त एनटीएलएम-व्ही२ पाठवा' अशा अर्थाचा पर्याय निवडा. एक्सपी होममध्ये ही चौकट नसते. तिथे रजिस्ट्री एडिटर उघडून लोकल मशीनखाली सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल आणि एलएसए या क्रमाने आत जा, आणि 'एलएम कॉम्पॅटिबिलिटी लेव्हल' याची किंमत ३ करा. मग संगणक पुन्हा सुरू करा.

आता 'माय कॉम्प्युटर'मधल्या 'टूल्स' मेनूत 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' निवडा. अक्षर झेड घ्या. फोल्डरच्या रकान्यात दोन उलट्या तिरप्या रेघा, दुव्याचा पत्ता, एक उलटी तिरपी रेघ आणि फोल्डरचं नाव लिहा. 'वेगळ्या नावाने जोडा' या अर्थाच्या लिंकवर क्लिक करून सांबाचं नाव आणि पासवर्ड द्या. झेड ड्राइव्ह उघडला की काम झालं.

जोडणी झाली नाही तर

काळ्या कमांड खिडकीत 'नेट यूज' ही आज्ञा त्याच पत्त्यासह चालवा, म्हणजे त्रुटीचा क्रमांक दिसतो. चौकटीतल्या लांबलचक वाक्यापेक्षा हा क्रमांक जास्त कामाचा.

५३ आला तर पलीकडचं यंत्रच सापडलेलं नाही. पत्ता, केबल किंवा फायरवॉल तपासा. आधी पिंग, म्हणजे त्या पत्त्यावरून उत्तर येतं का ते तपासणारी आज्ञा, चालवून बघा. ६४ आला तर बहुधा यंत्र सापडलं, पण त्याने बोलायला नकार दिला, म्हणजे पलीकडे एसएमबी-१ बंद आहे. १३२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड नाकारला. पासवर्ड नक्की बरोबर असेल तर एनटीएलएमची सेटिंग पुन्हा बघा, आणि वापरकर्त्याच्या नावाआधी दुव्याचं नाव व उलटी तिरपी रेघ लावून पाहा. १२१९ म्हणजे त्याच यंत्राशी दुसऱ्या नावाने आधीच जोडणी झालेली आहे. ती तोडा किंवा लॉग ऑफ करून परत या. ५ आला तर ओळख पटली आहे, फक्त फोल्डरवर हक्क नाही.

जोडणी होते पण देवनागरी नावांच्या फाइल्स चौकोनांसारख्या दिसतात, असं असेल तर दोष नेटवर्कचा नाही. 'रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स'मधल्या 'लँग्वेजेस' पानावर कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची टीक लावा. त्यासाठी एक्सपीची सीडी मागितली जाऊ शकते.

जुना मॅक किंवा लिनक्स असेल तर

२०१३ च्या मॅव्हरिक्स आवृत्तीआधीचा मॅक असेल, तर अ‍ॅपलचा स्वतःचा एएफपी प्रोटोकॉल बघा. तुमच्या नॅसमध्ये तो अजून मिळत असेल, तर चालू करून मॅकवर फाइंडरच्या 'गो' मेनूतलं 'कनेक्ट टू सर्व्हर' वापरा. एसएमबी-१ ची गरजच उरत नाही. जुन्या लिनक्सला एनएफएस हा फाइल्स शेअर करण्याचा प्रोटोकॉल सोयीचा पडतो, पण त्याची तिसरी आवृत्ती सहसा पासवर्ड नव्हे तर पत्ता पाहून दार उघडते. तेव्हा नॅसवर त्या एकाच पत्त्याला परवानगी द्या.

वेगाबद्दल अपेक्षा बेताची ठेवा. शंभर मेगाबिटच्या जुन्या कार्डावरून सेकंदाला जास्तीत जास्त ११-१२ मेगाबाइट जातात, म्हणजे एक गिगाबाइटला साधारण दीड मिनिट. पहिल्या दिवशी एखादी मोठी फाइल पाठवा, नव्या संगणकावरून ती नॅसवर उघडून बघा, दोन्हीकडचा आकार बाइटपर्यंत जुळवा. एक्सपीवरची मूळ प्रत त्यानंतरच पुसा.