अमेरिकन कॉन लॉचा (संविधानाच्या कायद्याचा) अभ्यास सुरू करताय? आधी एवढी तयारी करा

सगळ्यात आधी मूळ संविधानाची प्रिंट काढा आणि गाइडला हात लावायच्या आत वाचून टाका, 7 आर्टिकल्स आणि 27 अमेंडमेंट्स, एका बैठकीत होतं. आर्टिकल 1 चा सेक्शन 8 मात्र पेन्सिल घेऊन वाचा, काँग्रेसला (म्हणजे तिकडच्या संसदेला) कशाकशावर कायदा करता येतो ते बहुतेक तिथेच आहे.

इथून एलएलबी करून तिकडे एलएलएमला जाणाऱ्यांनो, आपल्याकडे कुठल्याच यादीत नसलेला विषय केंद्राकडे जातो, तिकडे उलटं, 10व्या अमेंडमेंटप्रमाणे उरलेलं सगळं राज्यांकडे किंवा लोकांकडे. म्हणून प्रश्न वाचला की आधी कायदा कोणी केला ते बघायची सवय लावा, फेडरल, म्हणजे केंद्राचा, असेल तर तो अधिकार संविधानात कुठून आला हे दाखवावंच लागतं. यासाठी सुप्रीम कोर्टाची 1995 ची लोपेझ ही केस नीट वाचा. टेक्ससमधला बारावीचा मुलगा शाळेत बंदूक घेऊन आला, शाळेच्या परिसरात बंदूक बाळगणं हा फेडरल गुन्हा होता, सरकार म्हणालं अशा गुन्ह्यांचा देशाच्या अर्थव्यवस्थेवर परिणाम होतो म्हणून हे कॉमर्स क्लॉजमध्ये (राज्याराज्यांमधल्या व्यापारावर कायदा करायचा काँग्रेसचा अधिकार) बसतं, आणि कोर्टाने 5-4 ने तो कायदाच रद्द केला. शाळेत बंदूक असावी का, हा वादच नव्हता! वाद होता काँग्रेसला तो अधिकार आहे का एवढाच, आणि माझ्या मते हा फरक इतका स्वच्छ दुसरी कुठलीच केस दाखवत नाही.

मारबरी ही केस, 1803, तर हवीच. पण नुसतं ज्युडिशियल रिव्ह्यू (संविधानाविरुद्धचा कायदा रद्द करायचा कोर्टाचा अधिकार) असं लिहून सोडू नका, चीफ जस्टिस मार्शलने मारबरीचा नेमणुकीच्या पत्रावरचा हक्क मान्य केला आणि तरी ऑर्डर दिली नाही, कारण ज्या कायद्याने कोर्टाला थेट ती केस ऐकायचा अधिकार दिला होता तोच आर्टिकल 3 च्या (कोर्टांचे अधिकार ठरवणाऱ्या) विरोधात जात होता, ही पायरी उत्तरात आलीच पाहिजे.

पीआयएलची (जनहित याचिकेची) सवय बाजूला ठेवा, फेडरल कोर्टात जायचं तर स्वतःचं नुकसान, ते समोरच्यामुळे झालं आणि कोर्टाच्या आदेशाने भरून निघू शकतं, हे तिन्ही दाखवावं लागतं. आपल्याकडे कलम 143 खाली राष्ट्रपती सुप्रीम कोर्टाचा सल्ला मागू शकतात, तशी सोयही तिकडे नाही.

मग हक्क. बिल ऑफ राइट्स (पहिल्या 10 अमेंडमेंट्स, 1791) मुळात फक्त फेडरल सरकारवर होतं, 1868 च्या 14व्या अमेंडमेंटमधून त्यातलं बरंचसं हळूहळू, केस बाय केस राज्यांना लागू झालं. इक्वल प्रोटेक्शनसाठी (कायद्याचं समान संरक्षण) एका कागदावर तीन कसोट्या लिहून समोर चिकटवा, वंशाच्या आधारावर भेद असेल तर स्ट्रिक्ट स्क्रुटिनी (सगळ्यात कडक), स्त्री-पुरुष असेल तर मधली, साधा आर्थिक कायदा असेल तर रॅशनल बेसिस (सगळ्यात सैल). आणि समोरची पार्टी सरकारच आहे ना हे प्रत्येक वेळी तपासा, खासगी कंपनीने कर्मचाऱ्याला गप्प केलं तर फर्स्ट अमेंडमेंट (बोलण्याच्या स्वातंत्र्याची) तिथे लागत नाही.

प्रेसिडेंटच्या अधिकारांसाठी यंग्सटाउन ही केस, 1952, प्रेसिडेंट ट्रुमनने कोरियन युद्धात स्टील मिल्स ताब्यात घेतल्या ती. त्यात जस्टिस जॅक्सनचं निकालाशी सहमत पण स्वतंत्रपणे लिहिलेलं मत वाचा, परीक्षेत तेच कामाला येतं.