मोफत जेवण वाटताय? या चुका टाळा

मोफत जेवणाच्या उपक्रमात अन्न कमी पडतं ही तक्रार असतेच, पण खरा घोळ होतो तो गॅस बंद केल्यापासून ताट हातात पडेपर्यंतच्या वेळात.

पहाटेच स्वयंपाक उरकायचा आणि मोठं पातेलं दुपारपर्यंत झाकून ठेवायचं, ही सगळ्यात धोक्याची सवय. वरचा थर गार लागतो, पण मधला भात कितीतरी तास कोमटच असतो. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. त्यातल्या काहींचे बीजाणू, म्हणजे जंतूंचं टणक कवचातलं सुप्त रूप, शिजवूनही मरत नाहीत. भातात वाढणाऱ्या बॅसिलस सेरियस या जंतूने एकदा विष तयार केलं की ते उकळूनही जात नाही, त्यामुळे ‘वाढायच्या आधी एक उकळी काढू’ म्हणून भागत नाही. वासावरही जाऊ नका; बाधणारं अन्न बऱ्याचदा छानच लागतं. शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत वाढून संपवा. ते जमणार नसेल तर ६० अंशांच्या वर गरम ठेवा, नाहीतर उथळ परातींत पसरून लवकर निववा आणि फ्रीजमध्ये टाका. अन्नात खुपसायचा थर्मामीटर फार महाग नसतो. बॅनर छापण्याआधी तो घ्या.

कुणी घरून शिजवून आणलं आणि ते कधी केलं हे सांगता येत नसेल, तर नको म्हणा. वाईट वाटतं, पण म्हणा.

एखाद्या स्वयंसेवकाला जुलाब-उलट्या झाल्या असतील, तर त्या थांबल्यानंतरही ४८ तास त्याला अन्नाला हात लावू देऊ नका. रांग सांभाळायचं काम द्या. डबे भरून देत असाल तर शेंगदाणे, तीळ, दूध असल्यास डब्यावर तसं लिहा; काहींना त्यांची अ‍ॅलर्जी असते.

आता रांग. पहिल्या पन्नास जणांना आग्रहाने भरभरून वाढलं की शेवटच्या वीस जणांसमोर पातेल्याचा तळ खरवडायची वेळ येते. मग कुरबुर होते, ढकलाढकली होते, आणि ‘लोकांना शिस्तच नाही’ असं आपणच म्हणतो! वाढायला एकाच मापाचा डाव ठेवा. आधी रांग मोजा, तेवढीच कूपनं द्या. सगळ्यांचं एकदा झालं की उरलेल्याची दुसरी फेरी, आणि ती शेवटाकडून सुरू करा.

जेवणाऱ्याच्या तोंडासमोर मोबाइल धरू नका. देणगीदारांना फोटो हवाच असेल तर पातेल्यांचा काढा, वाढणाऱ्या हातांचा काढा.

बरेच दिवस जवळपास काहीच न खाल्लेला, खंगलेला माणूस आला तर त्याला पोटभर जेवायचा आग्रह करू नका. अशा शरीराला एकदम भरपूर अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने घटतं आणि ते हृदयावर, अगदी जिवावरही बेतू शकतं. थोडंसंच द्या आणि सोबत कुणाला तरी देऊन दवाखान्यात पाठवा. जवळच्या डॉक्टरांचा नंबर वाढणाऱ्या प्रत्येकाकडे आधीपासून असू द्या.